नाव, कारखाना आणि लौकिक : रोल्स-रॉईस मोटारीच्या प्रतिष्ठेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

इ. स. १९९८ मध्ये ब्रिटनमधील व्हिकर्स या उद्योगसमूहाने आपल्या ताब्यातील रोल्स-रॉईस मोटार कंपनी विकली. बीएमडब्ल्यू या जर्मन कंपनीने ३४ कोटी पौंड देऊ केले. फोक्सवागन या दुसऱ्या जर्मन कंपनीने ४३ कोटी पौंडांची बोली लावून व्यवहार आपल्याकडे वळविला. क्रू या गावातील कारखाना, तेथील यंत्रसामग्री, कामगारवर्ग, मोटारींचे आराखडे, रेडिएटरची देवळाच्या दर्शनी भागासारखी सुप्रसिद्ध जाळी आणि तिच्यावरील पंख पसरलेल्या स्त्रीची मूर्ती असे सर्व काही फोक्सवागनला मिळाले. मिळाले नाही ते केवळ नाव. 'रोल्स-रॉईस' या नावाचा हक्क विमानांची इंजिने बनविणाऱ्या त्याच नावाच्या वेगळ्या कंपनीकडे होता आणि तिने मोटारीसाठी ते वापरण्याचा परवाना ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला दिला.

व्यापाराच्या इतिहासात असा प्रसंग विरळाच म्हणावा लागेल. ज्याने घर विकत घेतले त्याला दारावरची पाटी मिळाली नाही, आणि पाटी ज्याला मिळाली त्याच्याकडे ती लावण्यास घर नव्हते. या घटनेने जो प्रश्न उपस्थित होतो तोच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. एखाद्या वस्तूचा लौकिक नेमका कोठे वसतो? ती घडविणाऱ्या हातांत, तिच्या यंत्ररचनेत, की लोकांच्या तोंडी असलेल्या नावात? रोल्स-रॉईसच्या बाबतीत हा लौकिक प्रथम यंत्रात होता व पुढे तो क्रमाक्रमाने नावात उतरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे स्थित्यंतर कसे घडले याचा मागोवा येथे घेण्याचा प्रयत्न केला आहे. हिंदुस्थानातील संस्थानिकांचा या कथेशी निकटचा संबंध असल्याने त्या भागाचा थोडा अधिक विस्ताराने विचार केला आहे.

दोन माणसे आणि मधली रेघ :

हेन्री रॉईस यांचा जन्म २७ मार्च १८६३ रोजी इंग्लंडमधील पीटरबरोजवळच्या आल्वाल्टन या खेड्यात झाला. वडील गिरणीचालक होते. त्यांचा व्यवसाय बुडाला व रॉईस नऊ वर्षांचे असतानाच ते निवर्तले. वर्तमानपत्रे विकणे, तारा पोचविणे अशी कामे करून या मुलाने पोट भरले. एका आत्याने दिलेल्या पैशातून पीटरबरो येथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी मिळाली. परंतु पैसा संपला आणि उमेदवारी अर्धवट राहिली. पुढे १८८४ मध्ये अर्नेस्ट क्लेअरमाँट या भागीदारासह त्यांनी मँचेस्टरमध्ये लहानसा कारखाना काढला. तेथे विजेच्या घंटा, डायनॅमो व नंतर विजेवर चालणाऱ्या याऱ्या तयार होऊ लागल्या. मोटारीशी त्यांचा संबंध आला तो १९०३ मध्ये, वयाच्या चाळिशीत. त्यांनी देकोव्हिल नावाची एक जुनी फ्रेंच गाडी विकत घेतली. ती त्यांना समाधानकारक वाटली नाही. तिच्यातील उणिवा दूर करीत करीत त्यांनी स्वतःचीच गाडी बनविली आणि १ एप्रिल १९०४ रोजी दहा अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची ती पहिली रॉईस मोटार रस्त्यावर आली. रॉईस यांनी नवे असे काही शोधून काढले नव्हते, ही गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. उपलब्ध असलेलेच यंत्र घेऊन त्याचा प्रत्येक भाग अधिक काटेकोरपणे बनविणे ही त्यांची रीत होती, आणि ती अखेरपर्यंत कायम राहिली.

चार्ल्स स्ट्युअर्ट रोल्स हे त्यांच्या अगदी उलट परिस्थितीतून आलेले. लँगॅटक या सरदार घराण्यातील हा धाकटा मुलगा; ईटन व केंब्रिज येथे शिकलेला, बलून आणि मोटारींच्या शर्यतींचा शौकीन. लंडनमध्ये त्याची मोटारविक्रीची पेढी होती व तीत मुख्यतः फ्रेंच व बेल्जियन गाड्या विकल्या जात. विकण्याजोगी उत्तम इंग्रजी गाडी आपल्याजवळ नाही, ही त्याची खंत होती. हेन्री एडमंड्स या परिचिताने दोघांची गाठ घालून दिली. ४ मे १९०४ रोजी मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात ही भेट झाली, आणि रॉईस जितक्या गाड्या बनवतील तितक्या रोल्स विकतील व त्यांवर दोघांचीही नावे राहतील, असे ठरले. डिसेंबरमध्ये रीतसर करार झाला व मार्च १९०६ मध्ये कंपनी नोंदली गेली.

या दोन नावांच्या मध्ये जी आडवी रेघ आहे ती म्हणजे क्लॉड जॉन्सन, असे त्या काळी गमतीने म्हटले जाई. जॉन्सन हे ब्रिटनच्या ऑटोमोबाईल क्लबचे पहिले चिटणीस. १९०० साली त्या क्लबने मोटारींची जी हजार मैलांची चाचणी घेतली तिचे संयोजन त्यांनी केले होते. लोकांचा यंत्रावर विश्वास कसा बसतो याचे मर्म त्यांना तेथेच उमगले असावे. रोल्स व रॉईस या दोघांची चरित्रे सर्वत्र सांगितली जातात. जॉन्सन यांचा उल्लेख मात्र ओझरता होतो. लौकिकाचा इतिहास लिहिताना हा क्रम बदलावा लागतो.

साक्षीदारांसमोर घडलेला लौकिक :

१९०६ च्या अखेरीस लंडनमधील ऑलिंपिया येथील प्रदर्शनात सहा सिलिंडरची ४०/५० अश्वशक्तीची नवी गाडी मांडण्यात आली. पुढील वर्षी यांतील एका गाडीला जॉन्सन यांनी रुपेरी रंग दिला, तिच्या पितळी भागांवर चांदीचा मुलामा चढविला आणि तिला 'सिल्व्हर घोस्ट' असे नाव दिले. येथवरची गोष्ट निव्वळ जाहिरातीची म्हणता येईल. परंतु पुढे जे केले गेले ते त्याहून वेगळे होते. ही गाडी क्लबच्या निरीक्षकांना सोबत घेऊन लंडन व ग्लासगो यांदरम्यान रात्रंदिवस पळविण्यात आली. विश्रांती फक्त रविवारी. ६२९ मैलांनंतर रस्त्याच्या हादऱ्यांनी पेट्रोलची तोटी बंद होऊन गाडी एकदा थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल ती एकदाही आपणहून थांबली नाही. पंधरा हजार मैल पूर्ण झाल्यावर निरीक्षकांच्या देखत सर्व भाग सुटे करून तपासण्यात आले, आणि झिजलेले भाग बदलून गाडी पुन्हा नव्यासारखी करण्यास केवळ दोन पौंड, दोन शिलिंग व सात पेन्स खर्च येईल असे आढळले. या गाडीच्या नुसत्या सांगाड्याची किंमत हजार पौंडांच्या आसपास होती हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा लोकांच्या मनावर का बिंबला असेल याची कल्पना येते.

त्या काळी मोटार म्हणजे वाटेत बंद पडणारी वस्तू, अशीच समजूत होती. अशा वेळी जॉन्सन यांनी वेगाचा किंवा ऐश्वर्याचा पुकारा केला नाही. त्यांनी त्रयस्थ साक्षीदार उभे केले आणि आकडे प्रसिद्ध होऊ दिले. पेट्रोलच्या तोटीची हकीकतही लपविली गेली नाही. मार्च १९०८ मध्ये कंपनीने इतर सर्व नमुने बंद करून एवढ्या एकाच गाडीवर लक्ष केंद्रित करण्याचे ठरविले. त्याच वर्षी जुलैमध्ये डर्बी येथील नवा कारखाना सुरू झाला आणि १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंत, इंग्लंड व अमेरिका मिळून, या एकाच नमुन्याचे ७,८०० हून अधिक सांगाडे बाहेर पडले. 'जगातील सर्वोत्तम मोटार' हे बिरुद कंपनीच्या जाहिरातींत याच काळात रूढ झाले.

अपयशाचे एक उदाहरण याच संदर्भात नोंदविण्यासारखे आहे. १९१२ च्या आल्प्स पर्वतातील चाचणीत जेम्स रॅडली यांची खासगी रोल्स-रॉईस कात्शबेर्गच्या चढावर अडकून राहिली. तीन गतींची गिअरपेटी त्या चढाला पुरी पडली नाही. कंपनीने हे नाकारले नाही. चार गतींची गिअरपेटी बसवून १९१३ मध्ये तिने स्वतःच्या गाड्या त्याच पर्वतात पाठविल्या आणि त्यांनी ते चढ लीलया पार केले. पराभवाची नोंद राहू देऊन तिच्यावर उपाय करणे यातच त्या काळातील लौकिकाचे बळ होते, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

तोपर्यंत रोल्स या जगात नव्हते. २ जून १९१० रोजी विमानाने इंग्लिश खाडी न थांबता दोन्ही दिशांनी ओलांडण्याचा पराक्रम त्यांनी केला आणि १२ जुलै रोजी बोर्नमथ येथे त्यांचे विमान कोसळले. विमान अपघातात मृत्यू पावलेले ते पहिले ब्रिटिश. रॉईस यांची प्रकृती १९११ मध्ये ढासळली. त्यानंतरची बावीस वर्षे ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर किंवा इंग्लंडमधील वेस्ट विटरिंग या समुद्रकाठच्या गावी राहून आराखडे पाठवीत. कारखान्यात त्यांचे जाणे जवळजवळ झालेच नाही. म्हणजे दोन्ही नामधारी पुरुष कारखान्यातून दूर झाल्यावरच त्यांचे नाव खऱ्या अर्थाने जगभर पसरले.

मुंबई, कोल्हापूर आणि दरबार :

हिंदुस्थानात या गाडीने प्रवेश केला तो संस्थानिकांच्या वाड्यातून नव्हे, घाटातून. १९०८ मध्ये एक ४०/५० गाडी मुंबईस आणण्यात आली व मुंबई-कोल्हापूर मार्गावरील विश्वसनीयता चाचणीत उतरविली गेली. जाऊन-येऊन सुमारे सहाशे मैलांचा प्रवास, सह्याद्रीतील अवघड घाट आणि त्या काळचे धुळीचे कच्चे रस्ते यांतून ती यशस्वीपणे पार पडली. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाने ती ओळखली जाते. लंडन-ग्लासगो मार्गावर जे केले तेच येथेही केले गेले. प्रथम चाचणी, मग विक्री. महाराष्ट्रातील मोटार वाहतुकीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या घटनेकडे अधिक लक्ष देणे आवश्यक आहे.

परंतु लवकरच हे चित्र पालटले. डिसेंबर १९११ मधील दिल्ली दरबारासाठी सरकारने आठ सिल्व्हर घोस्ट गाड्या मागविल्या. सम्राट पंचम जॉर्ज यांच्या दिमतीस असलेली ही वाहने देशभरातून जमलेल्या राजेरजवाड्यांनी पाहिली. घाट चढण्याची क्षमता हा यापुढे प्रश्नच उरला नाही. हैदराबादच्या निजामाने बार्कर या पेढीकडून पिवळ्या रंगाची, आत सिंहासन असलेली गाडी करवून घेतली. ती समारंभापुरतीच बाहेर निघे. कोट्याच्या महाराव उम्मेदसिंहांची १९२५ ची गाडी वाघाच्या शिकारीसाठी सजविलेली होती व तिच्यावर मोठे शोधदिवे होते. राजकोटचे ठाकोर धर्मेंद्रसिंहजी यांच्याकरिता १९३४ मध्ये बांधलेली गाडी 'स्टार ऑफ इंडिया' या नावाने प्रसिद्ध आहे. ती परदेशात जाऊन अखेर २०१० मध्ये त्याच घराण्याकडे परत आली. पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंहांच्या ताफ्यातील गाड्यांची संख्या तर ग्रंथागणिक बदलते, आणि ती दर वेळी वाढतच जाते!

येथे एक तांत्रिक बाब स्पष्ट केली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉईस कंपनी संपूर्ण मोटार विकतच नसे. ती फक्त चाकांसह सांगाडा व इंजिन देई. वरचा डोलारा बार्कर, हूपर, थ्रप अँड मेबरली यांसारख्या स्वतंत्र पेढ्या ग्राहकाच्या इच्छेनुसार बांधीत व त्याला कित्येक महिने लागत. कारखान्यातच पोलादी डोलाऱ्यासह तयार झालेली पहिली रोल्स-रॉईस, सिल्व्हर डॉन, १९४९ मध्ये आली. सिंहासन, हौदा, शिकारीचे दिवे ही संस्थानिकांची हौस पुरविली ती या पेढ्यांतील सुतार, लोहार, चर्मकार आणि रंगाऱ्यांनी. त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे इतिहासास ठाऊक नाहीत. रेडिएटरवरची दोन अक्षरे मात्र सर्वांच्या परिचयाची झाली.

या व्यवहाराची आर्थिक बाजू नजरेआड करता येत नाही. संस्थानिकांचा पैसा म्हणजे अखेरीस शेतसाऱ्याचा पैसा. सार्वभौम सत्तेने युद्ध व परराष्ट्रसंबंध यांचे अधिकार काढून घेतल्यावर राजेपण सिद्ध करण्यासाठी त्यांच्यापाशी तोफांच्या सलामीचा आकडा, वाडे, शिकार आणि मोटारी एवढेच उरले होते. हत्तीची जागा मोटारीने घेतली. कंपनीच्या दृष्टीने हा ग्राहक सोन्याहून मोलाचा होता, कारण तो गाडीबरोबर तिची कथाही विकत घेत असे आणि स्वतः त्या कथेचा भाग बनत असे.

कचरागाडीची आख्यायिका :

रोल्स-रॉईस हा विषय वर्गात निघाला की कोणी ना कोणी विद्यार्थी भ्रमणध्वनीवरील एक चित्र दाखवितोच. अलवारचे महाराजा जयसिंह साध्या वेषात लंडनमधील दुकानात गेले, विक्रेत्याने त्यांचा अपमान केला, महाराजांनी त्याच वेळी दुकानातल्या सर्व गाड्या विकत घेतल्या व अलवारला नेऊन त्यांना झाडू बांधून नगरपालिकेच्या कचरा गोळा करण्याच्या कामी लावल्या. अखेर कंपनीने तारेने क्षमा मागितली, अशी ही कथा आहे. ती मराठीतही असंख्य वेळा छापली गेली आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे कसे पाहावे? पहिली गोष्ट अशी की, हीच कथा हैदराबाद, भरतपूर, पतियाळा यांच्याही नावे सांगितली जाते. गाड्यांची संख्या कधी सहा, कधी सात, कधी दहा. कंपनीची ती तार किंवा नगरपालिकेचे एखादे समकालीन कागदपत्र कथा सांगणारे कधीच पुढे ठेवीत नाहीत. दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. वर सांगितल्याप्रमाणे त्या काळी कंपनी सांगाडे विकत असे व संपूर्ण गाडी मागणीनुसार महिनोन्‌महिने बांधली जाई. दुकानात शिरून रागाच्या भरात अर्धा डझन तयार गाड्या उचलण्याचे हे चित्र त्या व्यापारपद्धतीशी जुळत नाही. ते आजच्या दुकानदारीवरून बेतलेले दिसते. राहिले चित्र. पुढच्या चाकांसमोर झाडू बांधलेल्या मोटारीचे जे छायाचित्र या कथेसोबत फिरते ते १९३६ मधील पॅलेस्टाईनच्या अशांततेच्या काळातील आहे. रस्त्यावर पसरलेले खिळे बाजूला सारून टायर वाचविण्यासाठी तेथे मोटारींना असे झाडू लावीत. अलवारशी त्याचा काहीही संबंध नाही.

कथा खरी नाही एवढे म्हणून मात्र भागत नाही. ती शंभर तोंडांनी का सांगितली गेली, हा प्रश्न उरतोच. जयसिंहांची कारकीर्द प्रजेच्या दृष्टीने सुखाची नव्हती. १९३३ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना राज्याबाहेर घालविले व १९३७ मध्ये पॅरिस येथे त्यांचा मृत्यू झाला. तरीही या कथेत ते स्वाभिमानी हिंदी माणसाचे प्रतिनिधी बनतात. गोऱ्या विक्रेत्याचा तोरा उतरविण्यासाठी साम्राज्याची सर्वांत प्रतिष्ठित वस्तू केरात घालावी, ही कल्पना पारतंत्र्यात वाढलेल्या मनाला सुखावणारी होती. शिवाय, वस्तूची प्रतिष्ठा आधी मान्य केल्याशिवाय तिचा अपमान हा सूड होत नाही. म्हणूनच या कथेने कंपनीची हानी न होता तिचा लौकिक वाढलाच. एखाद्या सामान्य गाडीला झाडू बांधला असता तर ती गोष्ट कोणी सांगितली असती?

कंपनीच्या मायदेशीही अशा आख्यायिकांची वाण नाही. रेडिएटरवरील दोन 'आर' अक्षरांचा लाल रंग १९३३ मध्ये काळा झाला तो रॉईस यांच्या निधनाचा शोक म्हणून, असे सांगितले जाते. वस्तुतः हा निर्णय २२ एप्रिल १९३३ रोजी झालेल्या त्यांच्या निधनापूर्वीचाच असून त्यामागे केवळ सौंदर्यदृष्टी होती. रेडिएटरवरील मूर्तीची हकीकत मात्र आख्यायिकेहून करुण आहे. चार्ल्स साईक्स या शिल्पकाराने १९११ मध्ये घडविलेल्या या मूर्तीसाठी एलिनॉर थॉर्नटन ही आदर्श होती असे मानले जाते. ती मोटारविषयक नियतकालिकाचे संपादक लॉर्ड माँटेग्यू यांची चिटणीस. पहिल्या महायुद्धात माँटेग्यू यांना हिंदुस्थानात नेमणूक मिळाली व ती त्यांच्यासमवेत 'पर्शिया' या मुंबईकडे निघालेल्या बोटीवर होती. ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीट बेटाच्या दक्षिणेस जर्मन पाणबुडीने ती बोट बुडविली. माँटेग्यू वाचले, एलिनॉर वाचली नाही.

इंजिन, जाहिरात आणि दिवाळे :

महायुद्धांनी या नावाला दुसरा अर्थ दिला. पहिल्या युद्धात सिल्व्हर घोस्टच्या सांगाड्यावर चिलखती गाड्या उभारण्यात आल्या व अरबस्तानच्या वाळवंटात टी. ई. लॉरेन्स यांनी त्या वापरल्या. १९१९ मध्ये अल्कॉक व ब्राऊन यांनी अटलांटिक महासागर न थांबता ओलांडला तो रोल्स-रॉईसच्या ईगल इंजिनांवर. दुसऱ्या युद्धात स्पिटफायर, हरिकेन व लँकेस्टर विमानांत मर्लिन इंजिने होती. या इंजिनांची संख्या, अमेरिकेतील उत्पादनासह, दीड लाखांच्या घरात जाते. क्रू येथील कारखाना उभारला गेला तोच मुळी १९३८ मध्ये विमानांच्या इंजिनांसाठी. मोटारी तेथे १९४६ पासून बनू लागल्या. कंपनीचा मुख्य धंदा आता विमानांची इंजिने हा झाला होता, पण लोकांच्या मनातील प्रतिमा मोटारीचीच राहिली. क्रांतिकारक लेनिन यांच्यासाठीही, बर्फात चालावी म्हणून मागे पट्टे बसविलेली रोल्स-रॉईस वापरात होती आणि ती आजही मॉस्कोजवळील गोर्की येथे जपून ठेवलेली आहे. भांडवलशाहीच्या या प्रतीकाला विचारसरणीची सीमा आड आली नाही, ही मौजेचीच गोष्ट.

ब्रिटिश राजघराण्याची पसंती मात्र दीर्घकाळ डेमलर या गाडीस होती. १९५० मध्ये राजकन्या एलिझाबेथ यांच्यासाठी फँटम-४ बनविण्यात आली व तेव्हापासून डेमलरचे ते स्थान ढासळत गेले. फँटम-४ च्या एकंदर अठराच गाड्या बनल्या. डेमलर कंपनी १९६० मध्ये जग्वारने घेतली आणि तिचे नाव जग्वारच्याच गाड्यांवरील एक बिल्ला म्हणून उरले. नाव टिकले तरी लौकिक टिकतोच असे नाही, याचे हे उदाहरण.

१९५८ मध्ये डेव्हिड ओगिल्व्ही यांनी अमेरिकन वाचकांसाठी लिहिलेली जाहिरात आजही जाहिरातशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकविली जाते. ताशी साठ मैल वेगात या गाडीतील सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा असतो, असा तिचा आशय. हे वाक्य ओगिल्व्हींनी एका मोटारविषयक नियतकालिकातील परीक्षणातून उचलले होते. १९०७ ची चाचणी आणि १९५८ ची जाहिरात यांत साम्य दिसते, कारण दोहोंतही बोलणारा त्रयस्थ आहे. भेद इतकाच की १९०७ मध्ये निरीक्षक गाडीत बसलेला होता, तर १९५८ मध्ये त्याचे एक वाक्य पुरेसे ठरले. नावाची खरी किंमत किती, हे याच काळातील बेंटले गाड्यांवरून मोजता येते. १९३१ मध्ये रोल्स-रॉईसने बेंटले कंपनी विकत घेतली होती. १९६५ ची सिल्व्हर शॅडो आणि बेंटले टी या दोन गाड्या एकाच कारखान्यात, एकाच कामगारांच्या हातून बनत. फरक जवळजवळ जाळी व बिल्ला एवढाच. तरीही शॅडोच्या हजारो गाड्या विकल्या गेल्या आणि बेंटलेच्या वाट्यास त्यांचा अल्पसा अंश आला.

दिवाळे निघाले ते मात्र मोटारीमुळे नव्हे. लॉकहीडच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी-२११ हे इंजिन ठरावीक किमतीत देण्याचा करार कंपनीने १९६८ मध्ये केला. विकासाचा खर्च साडेसहा कोटी पौंडांच्या आसपास धरला होता. तो १९७० मध्ये सतरा कोटींवर गेला. कार्बन तंतूंची पाती पक्ष्याच्या आघाताच्या चाचणीत टिकली नाहीत व ती टायटॅनियमची करावी लागली. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी कंपनी रिसीव्हरच्या ताब्यात गेली. खासगी उद्योगांना सरकारने आधार देऊ नये असे म्हणत सत्तेवर आलेल्या एडवर्ड हीथ यांच्या हुजूर पक्षीय सरकारलाच इंजिनाच्या उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करावे लागले. मोटार विभाग वेगळा काढून १९७३ मध्ये भागधारकांस विकण्यात आला. नावाची मालकी मात्र इंजिन कंपनीकडेच ठेवण्यात आली. त्या धांदलीच्या दिवसांत हे कलम किरकोळ वाटले असेल. त्याच १९७१ च्या डिसेंबरात आपल्याकडे सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे रद्द झाले. निर्माता व त्याचा सर्वांत हौशी ग्राहक यांना एकाच वर्षी जुना जमाखर्च मिटवावा लागला, हा योगायोग इतिहासकाराच्या नजरेत भरल्यावाचून राहत नाही.

त्यानंतर या गाडीला मिळालेला सर्वांत विलक्षण ग्राहक पुण्याहून गेलेला होता. आचार्य रजनीश १९८१ मध्ये अमेरिकेस गेले व ऑरेगॉन राज्यातील त्यांच्या वसाहतीत १९८५ पर्यंत ९३ रोल्स-रॉईस गाड्या जमल्याचे सांगितले जाते. राजाने एक गाडी घ्यावी यात प्रतिष्ठा होती; संन्याशाने ९३ घ्याव्यात यात प्रतिष्ठेची टिंगल होती की तिची परमावधी, यावर त्यांच्या अनुयायांचे व टीकाकारांचे एकमत होणे शक्य नाही. गाडी कशी चालते हा प्रश्न दोहोंपैकी कोणीही विचारला नाही.

नावाची फाळणी :

१९८० मध्ये मोटार कंपनी व्हिकर्सकडे गेली आणि १९९८ मध्ये प्रारंभी सांगितलेला व्यवहार घडला. ४३ कोटी पौंड मोजलेल्या फोक्सवागनजवळ नाव नव्हते, आणि त्या वेळच्या सिल्व्हर सेराफ गाडीचे इंजिन बीएमडब्ल्यू पुरवीत असल्याने तिचीही कोंडी झाली होती. २८ जुलै १९९८ रोजी समेट झाला. फोक्सवागनने २००२ च्या अखेरपर्यंत क्रू येथे रोल्स-रॉईस गाड्या बनवाव्यात, त्यानंतर बेंटले तिच्याकडे राहावी आणि नाव, जाळी व मूर्ती बीएमडब्ल्यूकडे जावी, असे ठरले. बीएमडब्ल्यूने ससेक्स परगण्यातील गुडवुड येथे नवा कारखाना उभारला. रॉईस यांनी आयुष्याची अखेरची वर्षे जेथे काढली ते वेस्ट विटरिंग तेथून जवळच आहे, हे सांगण्यास कंपनी विसरत नाही. १ जानेवारी २००३ च्या मध्यरात्रीनंतर लगेच पहिली नवी फँटम ग्राहकाच्या हाती देण्यात आली.

क्रूमधील ज्या कारागिरांनी अर्धशतकाहून अधिक काळ चामडे शिवले, लाकूड घासले व इंजिने जुळविली, ते दुसऱ्या दिवशीही त्याच कारखान्यात कामावर गेले. फक्त आता ते बेंटलेचे कामगार होते. गुडवुडमध्ये मूर्ती बसविणारे हात नवीन होते. तरीही ग्राहकांनी ती गाडी रोल्स-रॉईस म्हणून निःशंकपणे स्वीकारली. २०२२ मध्ये प्रथमच वार्षिक विक्री सहा हजारांवर गेली आणि २०२३ मध्ये ती ६,०३२ झाली. रॉईस यांच्या हयातीत इतक्या गाड्या एका वर्षात कधीच बनल्या नव्हत्या.

२०२३ मध्येच स्पेक्टर ही पूर्णपणे विजेवर चालणारी गाडी ग्राहकांकडे जाऊ लागली. चार्ल्स रोल्स यांनी १९०० मध्येच एका मुलाखतीत विजेच्या गाडीची निःशब्दता व स्वच्छता वाखाणून, भारण केंद्रांची सोय झाल्याखेरीज ती उपयोगी पडणार नाही असे म्हटले होते. मँचेस्टरमध्ये विजेच्या घंटा बनविणाऱ्या रॉईस यांच्याशी त्यांची तेव्हा ओळखही झाली नव्हती. या गाडीच्या पुढच्या भागावरील दोन 'आर' आजही काळेच आहेत, आणि ते वापरण्याचा परवाना डर्बीच्या इंजिन कंपनीकडून आलेला आहे.